न निवणारा ठिपका

खिंड बर्फाने बंद व्हायला चार दिवस उरले होते आणि पावशेर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो जिवंत आहे का ते बघायचं, एकटा सापडला तर दाव्याला बांधून खाली आणायचं, आणि कळपात मिसळला असेल तर लांबूनच हात जोडून परत फिरायचं, एवढंच या मोहिमेचं काम होतं. एकटं शिंगरू त्या पठारावरचा हिवाळा काढू शकत नाही, हे सांगायला पंडित लागत नव्हता.

पावशेर म्हणजे रानघोड्याचं शिंगरू. वसंतात दरड कोसळून त्याची आई गेली तेव्हा तो इतका लहान होता, की जंगल-राखणदाराने त्याला कोटात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात आणलं होतं. "हे कसलं घोडं, हा तर पावशेर आहे," असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. दुसऱ्या महिन्यात त्याची छाती भरली. तेव्हा सात रात्री बाईंनी औषधांच्या कपाटाला पाठ टेकून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन काढल्या. पाच महिन्यांनी त्याला वर पठारावर सोडलं. गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा होता. दहा दिवस पट्टा बोलला, मग गप्प झाला. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

मोहीम म्हणायला तीन माणसं आणि एक खेचर. पहिल्या डॉक्टरबाई, वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरीचे आणि हट्ट सात वर्षांच्या पोरीचा. दुसरी त्यांची भाची. ती शहरातल्या एका प्रयोगशाळेत बिनखिडकीच्या खोलीत तीन पडद्यांसमोर बसायची आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांमधून बारीक ठिपके शोधायची. समुद्रात भरकटलेली होडी, जंगलात पेटू पाहणारी ठिणगी. म्हणून घरीदारी तिचं नाव ठिपकी. तिसरे खेचरवाले काका. त्यांच्या खेचराचं नाव होतं सरकार, कारण ते कधी चालेल आणि कधी अडून बसेल हे कुणालाच सांगता येत नसे.

ठिपकी चार वर्षांची असताना तिची आई वारली आणि मावशीने तिला दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत वाढवलं. वाढवलं म्हणजे मुख्यतः गुंडाळलं. शाळेच्या पहिल्या फोटोत ती तीन स्वेटर, कानटोपी आणि मफलरच्या आत आहे आणि बाहेर फक्त नाक दिसतंय. आता ती बत्तीस वर्षांची होती, तरी पायवाटेवर पहिलं पाऊल टाकताच मागून आवाज आला.

"घसा झाक."

"मावशी, घाम येतोय मला."

"घाम वाळला की सर्दी. झाक."

ठिपकीने मफलर बांधला. काका खेचराच्या आडून हसत होते.

पहिला दिवस चढणीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी आडवी आली. पाणी मांडीएवढंच होतं, पण वरच्या बर्फातून आत्ताच सुटून आलेलं. काका पुढे, मध्ये सरकार, मागे दोघी एकमेकींचा हात धरून. कॅमेरा ठिपकीच्या पाठीवर होता, बाकी सामान खेचरावर. आणि ऐन मधोमध सरकार अडलं!

काकांनी ओढलं, चुचकारलं, दोन शिव्या घातल्या. सरकारने एक पाय उचलला, गोट्यावर ठेवला आणि घसरलं. सामानाचा दोर सटकला. एक पिशवी पाण्यात पडली. मागोमाग दुसरी! ठिपकीने मावशीचा हात सोडला आणि झेप घेतली. पाणी छातीवर आदळलं. श्वास अडकला. बोटांना एका पिशवीचा पट्टा लागला, तो तिने मुठीत आवळला. दुसरी पिशवी भोवऱ्यात दोन गिरक्या घेऊन दिसेनाशी झाली. काकांनी काठी पुढे केली आणि तिला काठावर खेचलं.

गेली ती जेवणाची पिशवी होती. वाचली ती बॅटऱ्यांची, पण तिच्यात पाणी शिरलं होतं.

मावशीने तिचे तळवे धरून खसाखसा चोळायला सुरुवात केली. ठिपकीचे दात वाजत होते.

"आधी बॅटऱ्या बघू दे गं."

"बॅटरीला सर्दी होत नाही."

"होते. थंडीत बॅटरी अर्धीसुद्धा चालत नाही."

मावशीला हे नवीन होतं. तिने ते लक्षात ठेवलं, चोळणं मात्र थांबवलं नाही. दोन बॅटऱ्यांपैकी एक मेली होती. उरलेली फार तर साडेतीन तास चालणार होती. खायला काकांच्या खिशातले दोन बिस्किटांचे पुडे, थोडा सुकामेवा आणि चहा-दूधपावडर एवढंच राहिलं.

दुपारी खिंड ओलांडून ते कड्यावर पोचले. खाली दगडांचं एक प्रचंड खोरं पसरलं होतं. कुणी डोंगर फोडून त्याचा चुरा तिथे सांडून ठेवावा तसे घराएवढे, बैलाएवढे, मुठीएवढे दगड, मध्येच पिवळ्या गवताचे पट्टे, आणि पलीकडे पश्चिमेला काळ्या कड्याची भिंत. वारा पडला होता. इतकी शांतता होती, की सरकार गवत चावत होतं त्याचा आवाज मोठा वाटत होता. नुसत्या डोळ्यांनी या पसाऱ्यात शिंगरू शोधायचं तर महिना लागला असता.

सूर्य टेकला तसा ठिपकीने तिपाईवर कॅमेरा चढवला. या कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत, फक्त ऊब कळते. गरम तितकं पांढरं, गार तितकं काळं. मावशी आणि काका पडद्यावर वाकले आणि दोघांनीही मान मागे घेतली. सगळं खोरं चमचमत होतं. दिवसभर ऊन प्यालेला प्रत्येक दगड पांढरा झाला होता.

"यात घोडं कुठलं आणि धोंडा कुठला?" काकांनी विचारलं.

"ते शोधण्याचाच मला पगार मिळतो, काका. घोडं चालतं, धोंडा चालत नाही. आणि सहा महिन्यांचं शिंगरू इथून पडद्यावर बारा-पंधरा ठिपक्यांच्या पुंजक्याएवढं दिसायला हवं. त्याहून लहान काही दिसलं तर टाकून दे, असं मी प्रोग्रामला सांगून ठेवलंय. नाहीतर ससे आणि गोटे मोजत बसेल."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"शेळ्या नाहीत, घोडे हाकायचे," असं म्हणत ठिपकीने कॅमेरा सावकाश फिरवायला घेतला.

कळप सापडला. पूर्वेच्या गवतात बारा घोडे होते, त्यांत दोन शिंगरं. पण दोन्ही शिंगरं आयांच्या पोटाखाली घुसून दूध पीत होती, आणि पावशेरला बाटलीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. पश्चिमेला कड्याच्या पायथ्याशी एक घोडी एकटीच उभी होती.

"ही का एकटी?" मावशीने विचारलं.

"म्हातारी असेल. मागे पडली असेल."

दीड तास ठिपकी डोळ्यांत तेल घालून बघत होती. प्रोग्रामने आणखी काहीच दाखवलं नाही. शेवटी तिने कॅमेरा बंद केला. उरलेली बॅटरी वाचवायला हवी होती.

"या खोऱ्यात तो नाही, मावशी. उद्या पलीकडच्या खोऱ्यात जाऊन बघू."

पलीकडचं खोरं म्हणजे जाऊन-येऊन पुरा दिवस. त्यानंतर खिंडीकडे परतण्यापलीकडे काही उरत नव्हतं. मावशी एरवी यावर दहा प्रश्न विचारती. आज तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. काकांनी आपल्या वाटची बिस्किटं तिच्यापुढे ठेवली, तीही तशीच राहिली.

सकाळी काका तंबूचे खुंटे उपटायला लागले तेव्हा मावशी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून उभी होती.

"काका, थांबा जरा. ठिपके, मला एक सांगायचंय. रागवू नकोस."

"काय गं?"

"त्याच्या अंगात झूल आहे."

ठिपकी बघतच राहिली. रानात सोडायच्या जनावराच्या अंगावर पट्ट्याखेरीज काही ठेवायचं नाही, हा नियम मावशीनेच दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला होता. चार मदतनिसांना तिने त्यावरून फैलावर घेतलं होतं.

"त्याची छाती भरली होती ना," मावशी म्हणाली. "वरची थंडी सोसेल की नाही कळेना. सोडताना सगळ्यांना पुढे पाठवलं आणि पटकन बांधली. वाढेल म्हणून बंद लांब ठेवले. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आणि मग तू कॅमेरा घेऊन आलीस. आज सांगते, उद्या सांगते म्हणताना लाजच वाटत गेली."

"कसली शिवलीस?"

"गोधडीची. आतून तो प्रथमोपचाराच्या पेटीतला चंदेरी कागद लावला. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून."

"कुठली गोधडी?"

मावशीने पेल्यात बघितलं. "लाल-पिवळ्या चौकटींची."

"माझी?"

"तू वीस वर्षं वापरली नव्हतीस."

ठिपकीला राग आला होता, खरंच आला होता. पण रागाआधी तिच्या डोक्यातलं यंत्र सुरू झालं. गोधडी, तिच्या आत चंदेरी कागद. मग अंगाची ऊब बाहेर येणार कशी? कॅमेऱ्याला शिंगरू दिसणार कसं? पाय गवतात, धड झुलीत, राहिलं काय तर तोंड. बारा-पंधरा ठिपक्यांचं शिंगरू मावशीने दोन-तीन ठिपक्यांवर आणून ठेवलं होतं, आणि तेवढे लहान ठिपके ठिपकीने स्वतःच्या हाताने फेकून दिले होते.

"झूल मानेपर्यंत येते?"

"येते. गळाही झाकलाय."

"मावशी, त्याच्या गळपट्ट्यावर सूर्यपट्टी असते. उन्हावर चालतो तो."

मावशीच्या हातातला पेला कलंडला. पट्टा बिघडला नव्हता. झुलीखाली त्याला ऊनच मिळालं नव्हतं. ज्याला जपायचं, त्याच्याकडे बघणारे दोन्ही डोळे तिने आपल्या सुईदोऱ्याने शिवून टाकले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तिथेच दगडावर बसली आणि पदराने नाही, की रुमालाने नाही, सरळ स्वेटरच्या बाहीने डोळे पुसायला लागली.

ठिपकीचा राग जिथल्या तिथे विरला. ती शेजारी बसली. त्या गोधडीचा वास तिला अजून आठवत होता, औषधांचा आणि साबणाचा.

"माझ्या फोटोसारखंच झालं की गं," ती म्हणाली. "फक्त नाक बाहेर."

मावशी रडता रडता हसली. काकांनी उपटलेले खुंटे परत ठोकायला घेतले. आज संध्याकाळी पुन्हा हेच खोरं बघायचं ठरलं होतं.

संध्याकाळ आली, आणि ढगही आले. ठिपकीने प्रोग्रामवरची लहान-मोठ्याची अट काढून टाकली. क्षणात पडदा लाल खुणांनी भरून गेला. चारशे बारा! प्रत्येक खूण म्हणजे कुठेतरी एक कोमट ठिपका, आणि बॅटरी उरलेली जेमतेम दीड तासाची. एकेक तपासायचा म्हटला तर पन्नासही होणार नव्हते. तिने कॅमेरा बंद केला आणि डोकं धरून बसली.

काका रोज संध्याकाळी एका तापलेल्या दगडाला पाठ लावून बसत. थोड्या वेळाने उठून दुसऱ्या मोठ्या दगडाकडे जात, मग त्याहून मोठ्या. आज तिसऱ्या दगडावरूनही ते कुरकुरत उठले आणि आडव्या झालेल्या सरकारच्या पोटाला टेकून बसले.

"दगड दगा देतात, ताई. किती का तापलेले असेनात, तासाभरात निवतात. आमचं सरकार निवत नाही."

ठिपकीने मान वर केली. "काय म्हणालात?"

"सरकार निवत नाही म्हटलं. जित्या जिवाचं अंग ते, निवेल कसं?"

ती उठलीच. तिने कॅमेरा सुरू करून एक चित्र घेतलं आणि लगेच बंद केला. अर्ध्या तासाने दुसरं. अजून अर्ध्या तासाने तिसरं. मग पहिल्यातून तिसरं वजा केलं. जे निवलं ते दगड. निवलं नाही ते जिवंत. चारशे बारांपैकी जवळजवळ सगळ्या खुणा पटापट विझल्या. कळपाचे बारा राहिले. इकडेतिकडे पळणारे चार ससे राहिले. कड्याखाली कालच्याच जागी उभी असलेली ती एकटी घोडी राहिली.

आणि काहीच नाही.

"काहीच नाही?" मावशीने विचारलं.

ठिपकी त्या घोडीकडे बघत होती. दोन दिवस एकाच जागी? म्हातारी घोडी गवताच्या मागे तरी जाईल. दगडात उभी राहून काय करतेय? आणि मग तिला आपल्याच धंद्यातली एक जुनी खोड आठवली. मोठ्या उजेडाला खेटून असलेला छोटा उजेड प्रोग्राम गिळून टाकतो, त्याला वाटतं की तो मोठ्याचाच भाग आहे. तिने प्रोग्राम बाजूला सारला, कॅमेरा घोडीवर रोखला आणि नुसत्या डोळ्यांनी बघायला लागली. थंडीने बॅटरी आठ टक्क्यांवर आली होती.

घोडीच्या डावीकडे दगडाच्या कडेला एक फिकट ठिपका होता. तिने डोळे चोळले. ठिपका नव्हता. परत बघितलं. होता. पुन्हा नाही.

"भास होतोय मला," ती पुटपुटली. "दिसतोय आणि जातोय."

"सरक," मावशी म्हणाली.

मावशीने पडद्याला नाक लावलं. ठिपका आला, गेला. आला, गेला. आला, गेला. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा तीनदा. मावशीचे ओठ हलत होते.

"मान हलवतोय तो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "बाटलीला उशीर झाला की असंच करतो. तीनदा वर-खाली, मग वाट बघतो, मग परत तीनदा. दगडाआडून डोकं वर येतं तेव्हा दिसतोय तो. ठिपके, तोच आहे!"

पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती.

पण काकांनी तेवढ्यात आपली काठी कॅमेऱ्याच्या रोखाने जमिनीवर टाकली होती आणि काठीच्या दोन्ही टोकांना दगड मांडले होते. "ही रेघ. हिच्यावरून चालत गेलं की घोडी."

"काखेत कळसा," ठिपकी म्हणाली. "काल पहिल्या तासात बघितलं होतं मी तिला."

मावशी लगेच निघायला तयार होती. काकांनी साफ नकार दिला. अंधारात त्या उतारावर पाय टाकला तर उद्या तिघांना शोधायला दुसरी मोहीम लागली असती. मावशीने वाद घातला नाही. तिने संपलेली बॅटरी मागून घेतली, स्वेटरच्या आत अंगाशी धरली आणि पांघरुणात शिरली.

"हे काय आता?"

"सर्दी होते म्हणालीस ना हिला."

फटफटायला लागलं तेव्हा बर्फ भुरभुरत होतं आणि खोऱ्यात धुकं भरलं होतं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. काका पुढे, हातात होकायंत्र. ठिपकी पावलं मोजत होती. मावशी बसत, घसरत, गुडघ्यांना बोल लावत उतरत होती. मध्यावर मुरमाचा पट्टा आला. काकांनी पाय टाकला आणि सगळा उतारच हलला! खडे सळसळत सुटले. मावशीचे पाय गेले. ती पाठीवर आपटली आणि खाली जाऊ लागली. ठिपकीने स्वतःला आडवं झोकून दिलं. कोपर सोलवटलं. हातात मावशीच्या कोटाची कॉलर आली. तिने ती धरून ठेवली. खडे वाहून गेले, मग थांबले. दोघी धापा टाकत पडून होत्या.

"घसा..." मावशीने सुरुवात केली.

"झाकलाय, मावशी," ठिपकी म्हणाली.

एक हजार सहाशे पावलं झाली. सतराशे झाली. धुक्यात काहीच नव्हतं. रेघ चुकली की काय, म्हणून ठिपकीने काकांच्या हातातलं होकायंत्र पुन्हा वाकून बघितलं. आणि मग समोरून, अगदी जवळून, घोडीचं फुरफुरणं आलं.

ती म्हातारी मुळीच नव्हती. धुक्यातून बाहेर आली ती धडधाकट, तपकिरी, कान मागे टाकलेली. तिने पुढचे पाय आपटले. काका जागीच थिजले. "मागे या, डॉक्टरबाई. फाडेल ती."

मावशी मागे आली नाही. ती होती तिथे खाली बसली आणि जिभेने टाळूवर टक् टक् टक् असा आवाज काढू लागली. दवाखान्यात दूध गरम होत असताना ती हाच आवाज काढायची. दगडामागून एक डोकं वर आलं. तीनदा खाली-वर झालं.

झुलीचा बंद दोन दगडांच्या फटीत जाऊन घट्ट रुतला होता. सुटायची धडपड करून पावशेरने तो आणखी आवळून घेतला होता. चौकटी फाटल्या होत्या, चंदेरी कागद लोंबत होता. तोंड पुरेल तेवढं गवत त्याने मुळापर्यंत खाल्लं होतं, आणि फटीतल्या बर्फाच्या पाण्यावर दोन दिवस काढले होते. मावशी रांगत पुढे झाली. घोडी तिच्या डोक्यावर उभी. एक खूर तिच्या हातापासून वीतभर अंतरावर आदळला. मावशीने हात मागे घेतला नाही. चाकू बंदाखाली सरकवला. एकदा ओढला. दोनदा. बंद तुटला!

पावशेर धडपडत उठला, चार पाय चार दिशांना टाकत उभा राहिला. घोडीने त्याला नाकाने हुंगलं आणि बाजूला झाली. मावशीने झूल उतरवली, त्याच्या बरगड्यांना कान लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ तिने कान काढला नाही.

"घरघर नाही," ती म्हणाली. "छाती स्वच्छ आहे." मग तिने त्याच्या मानेवरून, पायांवरून हात फिरवला. तिथे हिवाळ्याचे दाट केस आले होते. झुलीखाली मात्र ते विरळ राहिले होते. "मीच येऊ दिले नाहीत. आता येतील."

काका दावं सोडवत होते. "टाकू गळ्यात? खिंड दुपारपर्यंतच उघडी आहे. एकटा असेल तर आणायचा, असं ठरलं होतं."

मावशीने घोडीकडे बघितलं. ती चार पावलांवर उभी होती, कळपाकडे तोंड करून, पण मान मागे वळवून. कळपात गवत होतं, सोबत होती. दोन रात्री ती इथे दगडात थांबली होती.

"एकटा कुठे आहे तो, काका," मावशी म्हणाली.

पावशेरने तिच्या पिशवीला नाक लावलं. पिशवीत बाटली होती, नदीतूनही वाचलेली, सकाळीच चहाच्या पाण्यात दूधपावडर घालून भरलेली. त्याला तिचा वास कळला. तीनदा मान हलवली. थांबला. पुन्हा तीनदा. मावशीचा हात पिशवीच्या तोंडापर्यंत गेला. बाटली दिली असती तर तो खिंडीपर्यंत मागे आला असता, दवाखान्यापर्यंत आला असता. तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशांत कोंबले. ती रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

मग एकदाच तिने हात बाहेर काढला. गळपट्ट्यावरची सूर्यपट्टी बाहीने लख्ख पुसली आणि परत हात खिशात घातला. घोडी खिंकाळली. पावशेरने मावशीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि वळून धुक्यात घोडीमागे निघाला.

वर चढताना ठिपकी गारठली होती. मावशीने काही न विचारता फाटकी झूल तिच्या खांद्यांवर टाकली आणि तिनेही ती ओढून घेतली. औषधांचा वास गेला होता, घोड्याचा आला होता.

कड्यावर पोचल्यावर मावशीने स्वेटरच्या आतून बॅटरी काढून दिली. ती गरम होती. कॅमेरा सुरू झाला! तीन टक्के. धुकं विरळ झालं होतं आणि खोरं आता काळं होतं, रात्रभरात दगड गार पडले होते. त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके पूर्वेकडे चालले होते, एक मोठा आणि त्याला खेटून एक छोटा. छोटा आता पुरता बारा-पंधरा ठिपक्यांचा दिसत होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

कॅमेरा चढवण्यासाठी ठिपकीने खांद्यावरची झूल काढून जवळच्या दगडावर टाकली होती. तिपाई वळवताना तीही पडद्यात आली. गोधडीवर तिच्या खांद्यांचा आकार अजून पांढरा उमटलेला होता. दोघी बघत राहिल्या. पांढरा राखाडी झाला, राखाडी काळा झाला. गोधडी दगडासारखीच निवली. ठिपकीने कॅमेरा परत खोऱ्याकडे वळवला. छोटा ठिपका तसाच होता. मग पडदा विझला, आणि या वेळी कुणाला घाई नव्हती.

खिंडीत ते दुपारी पोचले. ढग फाटले होते आणि बर्फावर ऊन पडलं होतं. सरकार न अडता चाललं होतं, हे एक नवलच. काकांच्या खांद्यावरच्या पिशवीत गळपट्ट्याचे संकेत पकडणारं यंत्र होतं, ते अचानक टुक् करून वाजलं. सगळे थांबले. ते परत वाजलं. मावशीने पिशवी काकांकडून घेतली, छातीशी धरली आणि पलीकडे उतरायच्या आधी एकदा मागे वळून बघितलं.

चढणीने ठिपकीला घाम आला होता. तिने मफलर सोडला आणि खिशात कोंबला. खिंडीत वारा बोचरा होता. मावशीने तिच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं. तिचा हात पुढे आला, मध्येच थांबला, आणि पिशवीवर परत गेला.

"चल," ती म्हणाली.

ठिपकी दोन पावलं चालली. मग तिने स्वतःच खिशातून मफलर काढून बांधला आणि मावशीच्या हातात हात घातला.